सरकत्या दाराची हलकी रेल बेतताना: मेट्रोच्या दारांवर नव्याने काम करणाऱ्यांसाठी

भोसरीत मी मेट्रोच्या दारांवर काम सुरू केलं तेव्हा माझ्या गाठीशी सीएनसी मशिनांवरची तीन वर्षं होती. रेल म्हटलं की डोळ्यांसमोर एलएम (लिनिअर मोशन) गाइडच यायची: ग्राइंड केलेली पोलादी पट्टी, तिच्यावर गोळ्यांवरून सरकणारी कॅरेज, सगळा हिशेब मायक्रॉनमध्ये. तीच मी दाराला लावली. नमुन्याच्या सांगाड्यावर पल्ला (दाराची सरकणारी फळी) टांगला, हाताने ढकलला, तो दोन वीत सरकला नि अडला. कॅरेज बदलून पाहिली, ग्रीस बदलून पाहिलं. शेवटी वैतागून रेलचे मधले स्क्रू अर्धा-अर्धा आटा ढिले करत गेले. तिसरा स्क्रू ढिला होताच पल्ला अल्लद सरकला. तोच स्क्रू पुन्हा आवळला, पुन्हा अडला. डायल (बारीक अंतर मोजणारं घड्याळ) लावला तेव्हा कळलं की वेल्ड केलेली तुळई मध्यावर १.२ मिमी पोट काढून बसली आहे आणि माझी ताठ रेल प्रत्येक स्क्रूगणिक तिच्या मागे वाकते आहे.

दाराची रेल हलकी करायची म्हणजे पट्टी पातळ करायची, असं सगळ्यांना आधी वाटतं. मलाही वाटायचं. खरं वजन कमी होतं ते कोणता भार रेलने घ्यायचा आणि कोणता तिच्यावर येऊच द्यायचा नाही, हे ठरवल्यावर. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याभोवती आहेत.

उदाहरण घेते ते मेट्रोच्या दोन पल्ल्यांच्या, भिंतीच्या पोटात शिरणाऱ्या दाराचं. वंदे भारतसारखं आधी बाहेर येऊन मग सरकणारं प्लग दार हे वेगळं प्रकरण. तिथे आडवी रेलही लागते. शहरी बसला बहुतेक घडीची किंवा फिरून उघडणारी दारं असतात, म्हणून बस इथे ओझरती येईल. लोकलवाल्यांना मात्र हे सगळं आता लागणार आहे. बंद दारांची पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ला पश्चिम रेल्वेवर धावली, आणि ९ जून २०२५च्या मुंब्र्याच्या अपघातानंतर साध्या लोकललाही स्वयंचलित दारं देण्याचं रेल्वेने जाहीर केलं.

हाताशी काय हवं

कागद:
– निविदेतलं दारांचं प्रकरण, सगळ्या दुरुस्तीपत्रांसह. दुरुस्तीपत्रात आकडे बदललेले असतात आणि ते कोणी वाचत नाही.
– ईएन १४७५२ (डब्याच्या बाजूची दारं), आयईसी ६१३७३ (धक्के आणि कंपनं), ईएन ४५५४५ चा भाग २ (आग). भारतीय रेल्वेचं काम असेल तर लखनौच्या आरडीएसओचं (रेल्वेची संशोधन आणि मानक संस्था) त्या गाडीपुरतं स्पेसिफिकेशन. बससाठी एआयएस-०५२ (बसच्या बांधणीचं भारतीय मानक), ते पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं.
– डब्याच्या दारचौकटीचं ड्रॉइंग, वेल्डिंगनंतरच्या टॉलरन्ससकट (मापात चालणारा फरक). नुसतं थ्रीडी मॉडेल पुरत नाही. मॉडेलमधला डबा नेहमीच सरळ असतो.
– पल्ल्याचं वजन आणि गुरुत्वमध्य, काच आणि रबर धरून.
– फेऱ्यांची संख्या आणि ओव्हरहॉलचं वेळापत्रक.

हत्यारं: डायल आणि चुंबकी स्टँड, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), लांब स्ट्रेट एज किंवा ताणलेली पियानो तार, शिमचा (फट भरायच्या पातळ चकत्यांचा) संच, टॉर्क रेंच आणि स्प्रिंग काटा. रद्दीवाल्याकडे असतो तसला काटाही चालतो, फक्त तो तपासून घेतलेला हवा. पुढे मी त्याचा इतक्या वेळा उल्लेख करणार आहे की आजच मागवून ठेवा.

१. आधी डबा मोजा, मग कॅटलॉग उघडा

तयार डबा मिळत असेल तर दारचौकटीवरच्या तुळईला तार ताणा आणि दर १०० मिमीवर अंतर टिपा. एका डब्यावर भागत नाही. निदान तीन डबे, दोन्ही बाजू. डबा तयार नसेल तर वेल्डिंगवाल्यांना विचारा, पण ड्रॉइंगवर काय लिहिलंय ते विचारू नका. मागच्या गाडीला प्रत्यक्षात किती आलं, ते विचारा.

ग्राइंड केलेल्या एलएम रेलला बसायला जी सपाटी लागते ती मिलीमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजतात. वेल्ड केलेल्या डब्यात मीटर-दीड मीटरच्या लांबीवर मिलीमीटरभराची वाकण सहज निघते. यातली दरी शिम घालून बुजवता येते, हे खरं. पण डब्याच्या प्रत्येक बाजूला चार-चार दारं, म्हणजे डब्याला आठ, सहा डब्यांना ४८. प्रत्येकावर एक फिटर अर्धा दिवस शिम कापत बसला तर कोणाला परवडणार?

म्हणून पहिला निर्णय इथेच होतो: डब्याची वाकण गिळेल अशीच रेल घ्यायची.

२. फेऱ्यांचा हिशेब

मुंबईची मेट्रो १ घ्या. वर्सोवा ते घाटकोपर १२ स्थानकं. समजा एक गाडी दिवसाला १५ वेळा जाऊन येते. गाडी वळत नाही, त्यामुळे जाताना एका बाजूची दारं उघडतात आणि येताना दुसऱ्या. फलाट कडेला असो की मधोमध, एका जा-येत प्रत्येक स्थानकावर प्रत्येक दार एकदाच उघडतं. म्हणजे दिवसाला १५ × १२ = १८० वेळा. वर्षाला ३३० दिवस धरले तर ५९,४००, आणि ३० वर्षांत सुमारे १७.८ लाख.

१४०० मिमीच्या दारात प्रत्येक पल्ला ७०० मिमी सरकतो. उघड-बंद मिळून १.४ मीटर. तीस वर्षांत जवळपास २५०० किमी. मधे दहा वर्षांनी ओव्हरहॉलमध्ये कॅरेज बदलायच्या असतील तर त्यांच्या वाट्याला ८३० किमी. दारात पिशवी अडकून पुन्हा उघडणाऱ्या फेऱ्यांसाठी वर थोडी भर घाला.

आता बेअरिंगचं नेहमीचं सूत्र लावा. समजा कॅरेजवर सरासरी ५०० न्यूटन भार आहे. ८३० किमीसाठी लागणारी डायनॅमिक (चालत्या भाराची) क्षमता निघते सुमारे १३०० न्यूटन. आणि २५ आकाराच्या एलएम कॅरेजची क्षमता असते वीस हजारांच्या आसपास किंवा पुढे! हा आकडा मी पहिल्यांदा काढला तेव्हा चूक शोधण्यात एक दुपार घालवली. चूक नव्हती. दाराची रेल झिजून मरत नाही. ती वाकण, कचरा आणि कंपन यांनी मरते. मोठ्या आकाराची रेल घेऊन तुम्ही विकत घेता ते नको असलेलं आयुष्य.

इथे एक सापळा आहे. रेल बनवणाऱ्या काही कंपन्या क्षमता ५० किमीच्या आधारावर देतात, काही १०० किमीच्या. तीच रेल ५० किमीच्या कॅटलॉगमध्ये १.२६ पट दणकट दिसते. दोन कोटेशनं शेजारी ठेवण्याआधी तळटीप वाचा.

३. कोणता भार कोणी घ्यायचा

या पायरीला घाई करू नका. मी नव्या मुलांना इथे दोन दिवस देते, आणि संगणक बंद ठेवून कागदावर काढायला लावते.

पल्ला ४० किलोचा धरू, म्हणजे ३९२ न्यूटन. दोन कॅरेजवर टांगला तर प्रत्येकीवर १९६. इथवर सोपं. पण पल्ला रेलच्या बरोबर खाली क्वचित असतो. भिंतीची जाडी, मोटर, पट्टा यांना जागा देता देता त्याचा गुरुत्वमध्य रेलच्या रेषेपासून बाजूला सरकतो. समजा ६० मिमी. झाला २३.५ न्यूटन-मीटरचा पिळ.

हा पिळ रेलने घ्यायचा म्हटलं, तर कॅरेजच्या दोन धावांमध्ये जेमतेम ३० मिमी अंतर असतं. २३.५ भागिले ०.०३, म्हणजे ७८४ न्यूटन. पल्ल्याच्या वजनाच्या दुप्पट भार, दार नुसतं टांगलेलं असताना!

तोच पिळ खालच्या गाइडने घेतला तर? पल्ला १.९ मीटर उंच. २३.५ भागिले १.९, साडेबारा न्यूटनसुद्धा भरत नाही. एका बाजूला ७८४, दुसऱ्या बाजूला १२. हलकेपणा इथे मिळतो.

यासाठी वरची कॅरेज रेलभोवती थोडी डोलायला मोकळी हवी. तीही ताठ आणि खालचा गाइडही ताठ, असं झालं की दोघं एकमेकांशी भांडतात, आणि डबा वाकडा असल्यामुळे दर दारात वेगळं भांडण. एकाने धरायचं, दुसऱ्याने सोडायचं. दोन कॅरेजपैकीही एक रेलवर नीट बसवलेली, दुसरी आडवी तरंगती ठेवा. फक्त डोलण्याला हद्द घाला, म्हणजे खालचा गाइड तुटला तरी पल्ला बाहेर फडफडणार नाही.

आता गर्दी. मुंबईच्या लोकलमध्ये दर चौरस मीटरला १४ ते १६ उभे प्रवासी धरतात. मेट्रोचं गणित त्याच्या साधारण निम्म्यावर चालतं. ते सगळे दारावर रेलले की पल्ल्यावर किती जोर येईल, तो आकडा निविदेतून घ्या, मनाने ठरवू नका. तुम्ही ठरवायचं ते एवढंच, की तो जोर रेलवर येणार नाही. बंद स्थितीत पल्ल्याच्या मागे, चौकटीवर प्लास्टिकचे ठोकळे ठेवा. पल्ला आणि ठोकळा यांतली फट १ मिमी, आणि कॅरेजचं आडवं तरंगणं दोन्हीकडे १.५ मिमी. म्हणजे पल्ला मिलीमीटरभर दबला की ठोकळ्याला टेकतो आणि कॅरेजला अजून अर्धा मिलीमीटर श्वास उरतो. हे आकडे उलटे झाले तर अख्खी गर्दी तुमच्या चार रोलरवर येते. उलटे होतात ते ड्रॉइंगवर नव्हे, रंगकामानंतर आणि ठोकळे झिजल्यावर, तेव्हा टॉलरन्सची बेरीज दोन्ही टोकांना करून बघा.

धक्के राहिले. आयईसी ६१३७३ मध्ये डब्यावर बसवलेल्या वस्तूंना उभा आणि आडवा धक्का ३० मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि गाडीच्या लांबीच्या दिशेने ५० धरतात. उभ्या धक्क्याचे ४० × ३० = १२०० न्यूटन, त्यात वजन मिळवलं की सुमारे १६०० न्यूटन, म्हणजे नुसत्या वजनाच्या चौपट. रेलची स्टॅटिक (न सरकता झेलायच्या भाराची) क्षमता यावर तपासा. लांबीच्या दिशेचा धक्का बरोबर दार सरकण्याच्या दिशेने येतो. त्याचे २००० न्यूटन कुलपाने धरायचे असतात, रेलने नाही. नवे लोक हा भारही कॅरेजवर टाकतात आणि मग आकार वाढत जातो.

असाच एक घोळ उताराचा. दार गाडीच्या लांबीला समांतर सरकतं, त्यामुळे वळणावरची रुळांची तिरप पल्ल्याला आडवी ढकलते आणि चढ-उतार त्याला सरकवतो. मेट्रोच्या ४ टक्के चढावर ४० किलोचा पल्ला साधारण १६ न्यूटनने आपोआप सरकू बघतो. मोटरच्या हिशेबात हे धरायला विसरू नका.

४. रेलचा प्रकार

थोडक्यात सांगते, प्रत्येकाचा तपशील कॅटलॉगमध्ये मिळेल.

पोलादी एलएम रेल: माझी कथा वर वाचलीतच. २५ आकाराची मीटरला सव्वातीन किलोच्या आसपास भरते. दारासाठी घेऊ नका.

बॉल केजची सरकती रेल: गोळे एका पट्टीत ओवलेले, ड्रॉवरच्या चॅनलसारखे. हलकी आणि आखूड. खोड एकच: कंपनाने केज हळूहळू जागा सोडते आणि एक दिवस दार पूर्ण उघडतच नाही. दर फेरीत पल्ला दोन्ही टोकांना नेऊन टेकवला तर केज परत जागेवर येते. ते कंट्रोलरवाल्यांशी आधी बोलून ठेवा.

अॅल्युमिनियमची रेल, धावेवर पोलादी पट्टी किंवा तार बसवलेली, आत रोलर: माझी आवडती. मीटरला किलो-सव्वा किलोत बसते, रोलर तिरके-तरंगते घेता येतात. साध्या अॅल्युमिनियमवर कडक पोलादी रोलर मात्र कधीही फिरवू नका. काही हजार फेऱ्यांत चर पडतो. प्लास्टिकची धाव असलेले रोलर शांत चालतात, पण रात्रभर एकाच जागी उभे राहिले की सपाट होतात आणि सकाळच्या पहिल्या गाडीत दारं खडखडतात.

प्लास्टिकच्या सरपट्या, कडक अॅनोडाइझ केलेल्या अॅल्युमिनियमवर: सगळ्यात हलकी, ग्रीस नको, धूळ चालते. कमी फेऱ्यांच्या दारांना, मिनीबसला, चालकाच्या केबिनच्या दाराला उत्तम. पण एक हिशेब करा. जुन्या लाकडी कपाटाचा ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ओढला की तिरका होऊन अडतो ना, तसंच इथे होतं. जोर लावण्याची जागा रेलपासून जितकी दूर, त्याच्या निम्म्याहून दोन सरपट्यांमधलं अंतर कमी असेल, तर घर्षण ०.२५ झाल्यावर दार कितीही ओढा, सरकणार नाही. मोटर तर वर रेलजवळच ओढते, त्यामुळे चाचणीत सगळं छान. आणि आणीबाणीत प्रवासी कुठे धरतो? कमरेजवळच्या मुठीला, रेलपासून मीटरभर खाली. सरपट्या ५०० मिमीवर असतील तर तुम्ही बरोबर सीमारेषेवर आहात, आणि एका पावसाळ्याची घाण तुम्हाला पलीकडे ढकलायला पुरेशी आहे. मोटर बंद करून, मुठीला स्प्रिंग काटा अडकवून ओढून बघितल्याशिवाय ही रेल मंजूर करू नका.

५. जाडी वाढवण्याआधी ब्रॅकेट वाढवा

अॅल्युमिनियमचं वजन पोलादाच्या एक तृतीयांश, आणि ताठपणाही एक तृतीयांश. नुसतं साहित्य बदलून काही हाती लागत नाही; आकार आणि आधार बदलावे लागतात.

साधारण ३० मिमीच्या अॅल्युमिनियम प्रोफाइलचा मोमेंट ऑफ इनर्शिया (आकारामुळे वाकण्याला होणारा विरोध) २०,००० मिमी४ धरा. आधार ५०० मिमीवर, मध्यावर ८०० न्यूटन. वाकण निघते दीड मिलीमीटर, दार घासणारच. आता मधे एक ब्रॅकेट टाका, आधार २५० मिमीवर आले. वाकण ०.१९ मिमी. लांबी निम्मी झाली की वाकण आठपट कमी होते. ब्रॅकेटचं वजन शंभरेक ग्रॅम. तेवढाच फरक प्रोफाइल जाड करून मिळवायला गेलात तर रेलच्या पूर्ण लांबीवर वजन वाढवावं लागेल.

पण आधार वाढवले म्हणजे स्क्रू वाढले, आणि माझ्या तिसऱ्या स्क्रूची गोष्ट आठवत असेलच. म्हणून ब्रॅकेट डब्याशी थेट आवळायचे नाहीत. प्रत्येकाखाली शिमची जागा, लंबगोल भोकं, आणि तिरकं बसू शकेल असं गोल तळाचं वॉशर. आधी रेल तारेवर सरळ करा, मग ब्रॅकेट जिथे असतील तिथे आवळा. रेल डब्याला मिळवायची नाही, ब्रॅकेटने दोघांतलं अंतर भरायचं.

आता थोडं प्रामाणिकपणे. दरवाज्यामागे पाच-साडेपाच किलो वाचले तर ४८ दरवाज्यांचे अडीचशे किलो, ६५ किलोच्या हिशेबाने चार प्रवासी. हजाराहून जास्त माणसं नेणाऱ्या गाडीत याने विजेचं बिल हलत नाही. हलक्या रेलचा फायदा मला दिसला तो दुसरीकडे. डेपोत रात्री दोन वाजता स्टुलावर उभा असलेला फिटर ती एकट्याने वर धरू शकतो. आणि सरकणारे भाग, म्हणजे कॅरेज, टांगणीचे ब्रॅकेट, पल्ला, हलके केले की दार तेवढ्याच ऊर्जेत लवकर मिटतं: ४० किलो सेकंदाला ०.५ मीटरच्या वेगाने आणि ३० किलो ०.५८च्या वेगाने, दोन्हीत सारखेच ५ ज्यूल. बैठकीत विचारलं तर हेच सांगा, विजेच्या बचतीचे आकडे फुगवू नका.

६. ऊन आणि खारा वारा

दीड मीटर अॅल्युमिनियमची रेल, ५० अंशांचा फरक (नागपूरच्या मे महिन्यात यार्डात उभा डबा तेवढा तापतो). साध्या पोलादी डब्यावर रेल आणि डबा यांच्या प्रसरणात ०.८ मिमीचा फरक पडतो, स्टेनलेसच्या डब्यावर साधारण ०.४५, आणि पुणे मेट्रोसारखा डबाच अॅल्युमिनियमचा असेल तर जवळपास शून्य. एक ब्रॅकेट पक्का, बाकीचे लंबगोल भोकात सरकते. पक्का ब्रॅकेट दार मिटतं त्या बाजूला ठेवा, म्हणजे दोन पल्ले जिथे भेटतात तिथलं माप हलत नाही.

अॅल्युमिनियमच्या खाचेत साध्या पोलादाची पट्टी असेल आणि पाणी साचलं, तर मुंबईच्या हवेत दोन पावसाळ्यांत पांढरी पावडर फुटते. पट्टी स्टेनलेसची घ्या किंवा लेप दिलेली, स्क्रूखाली सीलिंग पेस्ट लावा.

कडक अॅनोडायझिंगचा थर अर्धा आत, अर्धा बाहेर वाढतो. ४० मायक्रॉनचा थर दिला की प्रत्येक पृष्ठ २० मायक्रॉनने वर येतं आणि खाच ४० मायक्रॉनने अरुंद होते. माझ्या पहिल्या लॉटच्या दोनशे सरपट्या यामुळे खाचेत गेल्याच नाहीत. डायवाल्याला दिलेलं माप अॅनोडायझिंगच्या आधीचं की नंतरचं, ते ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरात लिहा.

७. कचऱ्याला वाट द्या

शेंगांची टरफलं, गुटख्याच्या पुड्या, केस, ब्रेकची काळी धूळ, पावसाचं पाणी. हे सगळं खालच्या चॅनलमध्ये जातं. म्हणून जमिनीत चॅनल ठेवूच नका. खाच पल्ल्याच्या खालच्या कडेला, तोंड खाली. आणि तिच्यात बसणारी पिन किंवा रोलर डब्यावर. कचरा आपोआप गळून पडतो. वरच्या रेलचं उघडं तोंडही आकाशाकडे कधी नको; खाली किंवा बाजूला. प्रोफाइलच्या पोकळ पोटाला टोकांजवळ ६ मिमीची भोकं, पाणी निघायला.

गाडी धुताना दाराच्या फटीवर थेट पाण्याचा मारा होतो, हे ड्रॉइंग काढणाऱ्यांना सहसा माहीत नसतं. एकदा डेपोत जाऊन धुलाई बघून या.

८. बंद दारातले ओरखडे

दार दिवसाचा बहुतेक वेळ बंद असतं, गाडी धावत असते, आणि गोळे त्याच जागी थरथरत राहतात. ग्रीस बाजूला ढकललं जातं आणि धावेवर गोळ्यांच्या ठशांची रांग उमटते. दार उघडताना पहिल्या दोन सेंटिमीटरात खरखर जाणवली तर हेच समजा. कॅरेज बदलून फरक पडत नाही, कारण ठसे रेलवर असतात.

उपाय: बंद स्थितीत पल्ल्याचं वजन थोडंसं कुलपाच्या उतारावर किंवा खालच्या ठोकळ्यावर चढवा, म्हणजे कॅरेज हलकी होते. प्रीलोड (कॅरेज रेलवर आधीच आवळून बसवण्याचा दाब) शून्याच्या आसपास ठेवा. एक्सेंट्रिक (फिरवून घट्ट-सैल करता येणाऱ्या) रोलरवर टॉर्कचा आकडा आणि रंगाची खूण हवीच. नाहीतर प्रत्येक जण तो "फिट" होईपर्यंत आवळतो.

९. आगीचे कागद

प्लास्टिकच्या सरपट्या, रोलरच्या धावा, सील, ठोकळे यांना ईएन ४५५४५-२ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. भुयारी मार्गाला अट कडक होते. मुंबईच्या मेट्रो ३ ची २७ पैकी २६ स्थानकं जमिनीखाली आहेत. लहान तुकड्यांना वजनावर सूट मिळते, पण जवळजवळ असलेले तुकडे एकत्र मोजले जातात, हे शेवटच्या आठवड्यात कळलं तर फार महागात पडतं. साहित्य ठरवतानाच पुरवठादाराकडून अहवाल मागवा, आणि त्यावर नमुन्याची जाडी तुमच्याइतकीच आहे का ते बघा.

१०. चाचणी

आधी स्प्रिंग काटा. मोटर आणि पट्टा सोडवून, पल्ला पूर्ण लांबीवर ओढा आणि दर १०० मिमीवर लागणारा जोर लिहा. रोलरच्या रेलवर ४० किलोच्या पल्ल्याला नुसत्या रेलसाठी काही न्यूटनच लागतात, बाकी सगळी रबर सीलची ओढ. मधेच आकडा उसळला तर तिथली रेल वाकडी आहे. सगळीकडे सारखाच जास्त असेल तर सील किंवा प्रीलोड बघा.

मग मुद्दाम वाकवा. एका ब्रॅकेटखाली १ मिमीचा जादा शिम, मग २ मिमीचा, आणि पुन्हा ओढून बघा. जोर किती वाढतो, हा तुमच्या डिझाइनचा खरा निकाल. माझी पहिली रेल १ मिमीलाच अडली असती. ही चाचणी तेव्हा केली असती तर सहा आठवडे वाचले असते.

नंतर फेऱ्या. १० लाख फेऱ्या, प्रत्येकी ७ सेकंद, न थांबता ८१ दिवस. रिग (चाचणीचा सांगाडा) बंद पडण्याचे दिवस धरून चार महिने राखा, आणि वेळापत्रकात हे पहिल्याच बैठकीत घाला. रिगची तुळई ग्राइंड केलेली नको. खऱ्या डब्याइतकी वाकडी हवी. मधे दर लाख फेऱ्यांनी काटा लावा, धूळ टाका, पाणी मारा. कंपनाची चाचणी दार बंद आणि कुलूप लावून करतात. तिच्यानंतर रेल उघडून बंद जागेवरच्या धावेवर नख फिरवून बघा. ठसे नखाला लागतात.

मिटण्याचा जोर आणि अडथळा ओळखण्याची चाचणी कंट्रोलरची असते, पण रेल जड झाली की तीच आधी बिघडते. मोटर घर्षणालाच अडथळा समजते आणि दार पुन्हा पुन्हा उघडतं. लोक कंट्रोलरला शिव्या देतात.

११. जोडणीच्या ड्रॉइंगवर काय हवं

पक्का ब्रॅकेट कोणता, सरकते कोणते. स्क्रू आवळायचा क्रम: आधी पक्का, मग त्याच्या शेजारचा, शेवटी दूरचं टोक. शिमची जास्तीत जास्त उंची, आणि त्याहून जास्त लागली तर थांबून कोणाला फोन करायचा. ठोकळ्याची फट १ मिमी, फीलर गेजने, वर, मध्ये आणि खाली. ग्रीसचं नाव आणि ग्रॅम. "आवश्यकतेनुसार" असं लिहू नका, कारण मग डबाभर लागतं. आणि एक रिकामा तक्ता: दर १०० मिमीवरचा ओढण्याचा जोर, आठ रकाने, फिटरची सही. पहिल्या गाडीचे हे तक्ते डेपोला द्या. दोन वर्षांनी दार जड वाटलं की तिथला फिटर तोच काटा अडकवतो, शेजारी जुना आकडा ठेवतो, आणि रेल सोडवायची की नुसता सील बदलायचा, हे दहा मिनिटांत ठरवतो.